हस्तसंकेत अभिज्ञान, परिधेय संवेदकांद्वारे

अंगावर धारण केलेल्या लहान गतिसंवेदकांच्या (गतीचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनांच्या) साहाय्याने हाताची हालचाल मोजून तीवरून कोणता संकेत केला गेला हे संगणकाने ठरविण्याच्या तंत्राला हस्तसंकेत अभिज्ञान म्हणतात. हे संवेदक मनगटी घड्याळ, कडे, अंगठी किंवा हातमोजा यांत बसविलेले असतात. हेच काम कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांवरूनही करता येते. परंतु कॅमेऱ्याला प्रकाश लागतो, हात त्याच्या दृष्टिक्षेत्रात असावा लागतो आणि भोवतालच्या माणसांचेही विनाकारण चित्रण होते. अंगावरील संवेदकाला अंधाराची वा आडोशाची अडचण नसते. त्याची मर्यादा निराळी आहे. तो ज्या जागी बांधलेला असतो त्या एका जागेचीच गती त्याला कळते. हाताच्या उरलेल्या भागाविषयी तो जे सांगतो ते केवळ अनुमान असते.

संकेताचे स्वरूप : ‘ये’, ‘जा’, ‘थांब’, ‘नको’ असे कितीतरी संकेत नित्य व्यवहारात हाताने केले जातात. त्यांचे दोन ढोबळ वर्ग पडतात. बोटांच्या व तळव्याच्या विशिष्ट ठेवणीतून अर्थ व्यक्त होतो ती स्थिर मुद्रा आणि हाताच्या हालचालीतून अर्थ व्यक्त होतो तो गतिमान संकेत. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या (असंयुत) २४ व दोन्ही हातांच्या (संयुत) १३ मुद्रा सांगितल्या आहेत, त्यांची ओळख मुख्यतः ठेवणीवरून होते. पताक मुद्रेत चारही बोटे सरळ व जुळलेली असतात. त्यांपैकी अनामिका तेवढी वाकविली की त्रिपताक होते. प्रेक्षकाला हा भेद तत्काळ दिसतो. मनगटावरील गतिसंवेदकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही मुद्रा जवळजवळ एकच होत, कारण दोन्ही वेळी मनगट तसेच व तेथेच असते. उलट ‘ये’ म्हणून हात स्वतःकडे वळविणे आणि ‘जा’ म्हणून तो दूर झटकणे हे संकेत बोटांकडे न पाहताही ओळखता येतात. या तंत्राविषयी प्रचलित असलेले बरेचसे गैरसमज हा साधा भेद ध्यानात न घेतल्याने झालेले आहेत.

संवेदक : सामान्यतः तीन प्रकारचे संवेदक वापरतात व ते एकत्र बसविलेल्या साधनाला निरूढीय मापन एकक म्हणतात. पहिला प्रवेगमापक (प्रवेग म्हणजे वेगात होणाऱ्या बदलाचा दर). यात सिलिकॉनच्या चकतीतून कोरून काढलेले एक सूक्ष्म वस्तुमान सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांनी चौकटीला टांगलेले असते. या पट्ट्या स्प्रिंगेचे काम करतात. एकदम सुटलेल्या बसमध्ये उभा असलेला प्रवासी जसा मागे कलतो, तसे चौकट अकस्मात सरकली की हे वस्तुमान निरूढीमुळे (आहे ती अवस्था टिकविण्याच्या प्रवृत्तीमुळे) मागे राहते. वस्तुमानाला कंगव्याच्या दात्यांसारखे फाटे असून ते चौकटीच्या तशाच फाट्यांमध्ये गुंतविलेले असतात. फाट्यांमधील अंतर किंचित बदलले तरी त्यांची विद्युत् धारणा बदलते व हा बदल मोजून प्रवेग काढता येतो. परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन अक्षांना अनुसरून असे मापन करतात.

प्रवेगमापकाच्या बाबतीत एक गोष्ट नवख्याला चकविणारी आहे. मेजावर निश्चल ठेवलेला प्रवेगमापक शून्य न दाखविता वरच्या दिशेने दर से.ला दर से. ९·८ मी. एवढा प्रवेग दाखवितो आणि मुक्तपणे खाली पडत असताना, म्हणजे खरोखर प्रवेगित असताना, तो शून्य दाखवितो. याचे कारण असे की, आतील वस्तुमानाला त्याच्या टांगणीने किती रेटले आहे एवढेच त्याला कळते; गुरुत्वाकर्षण चौकटीला व वस्तुमानाला सारखेच ओढत असल्याने त्याची वेगळी जाणीव होत नाही. त्यामुळे त्याचे वाचन हे हाताचा प्रवेग व गुरुत्वाकर्षणाचा परिणाम यांची मिसळ असते. हात स्थिर असताना ही मिसळ उपकारक ठरते, कारण मनगट क्षितिजाशी किती कललेले आहे हे तीवरून लगेच समजते. हात हलू लागला की तीच अडचण होऊन बसते.

दुसरा संवेदक घूर्णी होय. फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी १८५२ मध्ये या उपकरणाचे नाव रूढ केले तेव्हा त्यात वेगाने फिरणारे जड चक्र होते. मनगटावर तसे चक्र बसविणे अर्थातच शक्य नाही. सूक्ष्म घूर्णीत चक्राऐवजी सतत मागेपुढे कंप पावणारे वस्तुमान असते. साधन वळू लागले की या वस्तुमानावर त्याच्या कंपनाच्या काटकोनात एक प्रेरणा कार्य करते. हिला १८३५ मध्ये तिचे विवेचन करणाऱ्या गास्पार कोरिऑलिस यांचे नाव असून ती वस्तुमान, त्याचा वेग व वळण्याचा कोनीय वेग यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असते. तिच्यामुळे होणारे विस्थापन मोजले की कोनीय वेग मिळतो. किल्ली फिरविणे, दाराची मूठ पिळणे, डाव घुसळणे अशा हालचालींत मनगट जागच्या जागी वळते. त्या ओळखण्यास घूर्णी फार उपयोगी पडते. तिसरा संवेदक चुंबकत्वमापक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून (सु. २५ ते ६५ मायक्रोटेस्ला) तो दिशा सांगतो, पण लोखंडी कपाट, मोटारगाडी वा साधा पोलादी खांब जवळ आला तरी त्याचे वाचन बिघडते. हस्तसंकेतांच्या कामात त्यावर फारसे विसंबून राहत नाहीत.

मार्ग काढण्यातील अडचण : प्रवेगाचे एकदा समाकलन केले की वेग व दोनदा केले की स्थान मिळते, हे गणित सर्वपरिचित आहे. मग हाताने हवेत काढलेली आकृती सरळ गणिताने का मिळू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर चुकीच्या संचयात आहे. समजा, मनगटाच्या कलतेपणाच्या अंदाजात केवळ १° ची चूक झाली. तेवढ्याने गुरुत्वाकर्षणाचा सु. ०·१७ मी. प्रति से.² एवढा अंश हाताचा प्रवेग म्हणून धरला जाईल. एका सेकंदात यामुळे स्थानात सु. ८·५ सेंमी. ची चूक होते. पण ती कालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दहा सेकंदांत सु. ८·५ मी. होते, म्हणजे खोलीत बसलेल्या माणसाचा हात गणिताप्रमाणे भिंतीपलीकडे गेलेला असतो. घूर्णीच्या साहाय्याने कल सुधारता येतो, परंतु तिचाही शून्यबिंदू तापमानाप्रमाणे व कालाप्रमाणे हळूहळू सरकत असतो. पायात बांधलेल्या संवेदकाच्या बाबतीत पाऊल जमिनीवर टेकताच वेग शून्य धरून हिशेब पुन्हा जुळविता येतो. हाताला असा हुकमी विसावा नसतो. म्हणूनच हाताचा मार्ग नेमका काढण्याचा नाद बहुधा सोडून देऊन संवेदकांच्या वाचनांचा आकृतिबंध ओळखणे हा पर्याय स्वीकारला जातो. संकेत कोठून कोठे गेला हे यात कळत नाही. पूर्वी पाहिलेल्या कोणत्या संकेतासारखा तो आहे एवढेच कळते.

इतिहास : हाताची ठेवण यंत्राला कळावी यासाठी प्रथम हातमोजे तयार झाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेत रिचर्ड सेयर यांच्या कल्पनेवरून डॅनियल सँडिन व टॉमस डिफँटी यांनी १९७७ मध्ये जो मोजा बनविला, त्यात प्रत्येक बोटावर एक लवचिक नळी असून तिच्या एका टोकाला दिवा व दुसऱ्या टोकाला प्रकाशविद्युत् घट होता. बोट वाकले की पोहोचणारा प्रकाश कमी होई. बेल प्रयोगशाळेतील गॅरी ग्राइम्स यांना १९८३ मध्ये पेटंट मिळालेल्या मोज्यात स्पर्श, वाक व कल या तिन्हींचे संवेदक होते आणि बोटांनी अक्षरे दर्शवून मजकूर संगणकात भरावा असा त्याचा उद्देश होता. टॉमस झिमरमन व जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल रिसर्च कंपनीने १९८७ च्या सुमारास प्रकाशीय तंतू वापरून ‘डेटाग्लव्ह’ हा मोजा विक्रीस आणला. तो महाग होता. खेळण्यांसाठी १९८९ मध्ये निघालेला ‘पॉवर ग्लव्ह’ स्वस्त होता, पण त्याचे मापन ढोबळ होते व तो फार काळ टिकला नाही.

गतिसंवेदकांचा मार्ग वेगळ्याच क्षेत्रातून खुला झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स व एंजेल यांनी सिलिकॉनच्या तुकड्यावर प्रवेगमापक कोरून काढल्याचे संशोधन १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि त्याची मागणी वाढली ती मोटारगाड्यांमुळे. अपघाताच्या क्षणी हवेची पिशवी फुगविण्यासाठी स्वस्त व विश्वसनीय प्रवेगमापक हवे होते आणि १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने असे संवेदक मोठ्या प्रमाणावर पुरविण्यास प्रारंभ केला. किंमत व आकार घटत गेल्यावर ते खेळण्यांत व दूरध्वनींत शिरले. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ मध्ये आणलेल्या ‘वी’ या खेळयंत्राच्या हातातील कांडीत तीन अक्षांचा प्रवेगमापक होता. अ‍ॅपल कंपनीच्या २००७ मधील पहिल्या आयफोनमध्ये प्रवेगमापक व २०१० मधील आयफोन ४ मध्ये घूर्णी आली. यानंतर संशोधकाला उपकरण स्वतः घडविण्याची गरज राहिली नाही. दरम्यान जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात होसे हर्नांडेझ-रेबोयार यांनी प्रत्येक बोटावर प्रवेगमापक बसविलेला मोजा तयार केला होता. बोटांचा कल गुरुत्वाकर्षणावरून ओळखण्याची त्यातील युक्ती साधी व चतुर होती.

कॅनडातील थाल्मिक लॅब्ज या संस्थेने २०१३ मध्ये ‘मायो’ हा दंडपट्टा जाहीर केला. कोपराखाली बांधावयाच्या या पट्ट्यात नऊ अक्षांच्या निरूढीय मापन एककाच्या जोडीला स्नायूंतील विद्युत् क्रिया टिपणारे आठ संवेदक होते. बोटे हलविणारे बहुतेक स्नायू पंजात नसून अग्रबाहूत असतात. त्यामुळे मूठ वळली की उघडली हे, गतिसंवेदकाला न दिसणारे, ज्ञान स्नायूंच्या विद्युत् संकेतांतून मिळते. तत्त्व उत्तम असूनही २०१८ मध्ये या पट्ट्याची विक्री थांबली. हीच कल्पना पुढे मेटा कंपनीने विकसित केली व २०२५ मध्ये चष्म्यातील पडद्यासोबत वापरावयाचा मनगटपट्टा बाजारात आणला.

अभिज्ञानाची रीती : संवेदकांची वाचने ठराविक कालांतराने घेतात. माणूस आपखुशीने करतो त्या बहुतेक हालचालींची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) १० हर्ट्झपेक्षा कमी असते. म्हणून दर सेकंदास ५० ते १०० वाचने सामान्यतः पुरी पडतात. प्रवेगमापक व घूर्णी यांची मिळून सहा वाचने, प्रत्येकी दोन बाइट, दर सेकंदास १०० वेळा घेतली तर सेकंदाला १,२०० बाइट माहिती जमते. चित्रफितीच्या मानाने ही फारच थोडी होय व लहानशा विद्युत् घटावर चालणाऱ्या घड्याळालाही ती झेपते. याला एक लक्षणीय अपवाद आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एका सामान्य घड्याळातील प्रवेगमापकाकडून दर सेकंदास ४,००० वाचने घेतली, तेव्हा चुटकी, टाळी, त्वचेवर मारलेली टिचकी यांची हाडामांसातून मनगटापर्यंत येणारी सूक्ष्म कंपनेही वेगळी ओळखता आली. एवढेच नव्हे, तर हातात धरलेले विजेवर चालणारे हत्यार कोणते, हेही त्याच्या थरथरीवरून सांगता आले. संवेदक तोच, केवळ जलद वाचल्याने तो एक प्रकारचा कान झाला.

वाचने छानकातून काढून नको असलेली थरथर कमी केल्यावर संकेत कोठे सुरू झाला व कोठे संपला हे ठरवावे लागते. यानंतर तुलना. एकच माणूस एकच संकेत दोनदा करतो तेव्हा तो कधीही एकाच गतीने करीत नाही. प्रारंभी रेंगाळतो, मध्येच घाई करतो. म्हणून दोन आलेख क्षणाक्षणाला ताडून पाहिले तर ते जुळत नाहीत. एकच अभंग एकाने संथ व दुसऱ्याने द्रुत लयीत म्हटला, तर दोन्ही गायनांची तुलना घड्याळाच्या काट्यावर न करता शब्दाला शब्द लावून करावी लागते. ‘गतिक कालविरूपण’ या रीतीत नेमके हेच करतात. एका आलेखातील प्रत्येक बिंदूला दुसऱ्यातील योग्य बिंदू शोधून, कालाचा अक्ष जागोजाग ताणून वा आवळून, एकूण तफावत कमीत कमी होईल अशी जुळणी काढतात. मात्र क्रम मोडू देत नाहीत. ही रीती वाणी-अभिज्ञानातून आलेली आहे. सोव्हिएट संघात विंत्स्युक यांनी १९६८ मध्ये तिचा मूळ विचार मांडला व जपानमधील साकोए आणि चिबा यांच्या १९७८ मधील लेखामुळे ती सर्वत्र पसरली.

तिचे सामर्थ्य ‘यूवेव्ह’ या प्रयोगात चांगले दिसले. राइस विद्यापीठ व मोटोरोला कंपनी यांतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात तीन अक्षांचा एकच प्रवेगमापक, आठ संकेत व आठ माणसे होती. अनेक आठवड्यांत ४,००० हून अधिक नमुने घेतले. प्रत्येक संकेताचा त्या त्या माणसाकडून घेतलेला एकच नमुना आरंभी पुरेसा ठरला व अचूकता ९८·६ टक्के आली. हाच माणूस दुसऱ्या दिवशी तोच संकेत बऱ्याच वेगळ्या प्रकारे करतो असेही आढळले. त्यामुळे जुना नमुना बदलून नवा घेत राहणे आवश्यक ठरले. वरील टक्केवारी ज्याचा नमुना त्याचीच परीक्षा या अटीवर मिळालेली आहे, हे ती उद्धृत करताना बहुधा सांगितले जात नाही.

दुसरी रीती ‘गुप्त मार्कॉव्ह प्रतिमानां’ची. तीत संकेत म्हणजे एकामागून एक येणाऱ्या, प्रत्यक्ष न दिसणाऱ्या अवस्थांची मालिका मानतात व मिळालेली वाचने कोणत्या मालिकेतून येण्याची संभाव्यता सर्वाधिक आहे हे काढतात. २०१० नंतर बहुस्तरी तंत्रिका जालांनी या दोन्ही रीतींना पुष्कळ अंशी मागे सारले. माध्य, प्रमाण विचलन, ऊर्जा इ. कोणती लक्षणे मोजावयाची हे पूर्वी तज्ञ ठरवीत; जाल ती नमुन्यांतून स्वतःच शोधते. त्याची भूक मात्र मोठी आहे. हजारो नमुने मिळविणे, प्रत्येकावर अचूक नाव घालणे व नमुने देणाऱ्यांत वृद्ध, मुले, डावखुरे, अधू हाताचे असे सर्व प्रकारचे लोक असणे, हे काम कष्टाचे व खर्चाचे असल्याने ते टाळण्याकडे कल असतो. विद्यापीठातील तरुण विद्यार्थ्यांच्या हातांवर शिकलेले जाल सत्तरीतील गृहस्थाच्या हाती गोंधळते, यात नवल नाही.

अचूकतेचा अर्थ : प्रयोगशाळेत माणसाला ‘आता संकेत कर’ असे सांगतात व यंत्राने आठांपैकी एक उत्तर द्यावयाचे असते. प्रत्यक्ष वापरात असा सांगणारा कोणी नसतो. हात दिवसभर हलत असतो. जेवताना, केस विंचरताना, बोलता बोलता हातवारे करताना. यांतील जवळजवळ कोणतीही हालचाल संकेत नसते आणि ‘संकेत नाही’ हे ओळखणे हीच खरी कसोटी होय. घड्याळ दर अर्ध्या सेकंदाला एक निर्णय घेते व त्याची चूक हजारांत एकदाच होते असे मानले, तरी १६ तासांच्या जागृतावस्थेत १,१५,२०० निर्णय होतात व त्यांत सु. ११५ वेळा घड्याळ नसता संकेत पाहते. दिवसातून शंभर वेळा न बोलावता धावून येणारा सेवक कोणीही ठेवणार नाही. व्यापारी साधनांत संकेतांची संख्या अत्यल्प का ठेवतात, याचे उत्तर यात आहे. अ‍ॅपल कंपनीच्या घड्याळात २०२३ मध्ये आलेला, अंगठा व तर्जनी दोनदा टेकविण्याचा संकेत ओळखताना प्रवेगमापक व घूर्णी यांच्या जोडीला मनगटातील रक्तप्रवाहात होणारा बदल टिपणारा प्रकाशीय संवेदकही वापरतात. एका संकेतासाठी तीन साक्षी घ्याव्या लागतात.

कोणत्याही नव्या पद्धतीचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी पाहाव्यात. ज्याचे नमुने शिकविताना वापरलेच नाहीत अशा माणसावर तिची परीक्षा झाली काय, आणि दिवसभराच्या सामान्य हालचालींत तासाला किती खोटे संकेत निघाले. पुष्कळ संशोधनलेखांत पहिल्याचे उत्तर मिळते, दुसऱ्याचे क्वचितच.

बधिरांची भाषा आणि हातमोजे : हस्तसंकेत अभिज्ञानाचा सर्वांत गाजलेला उपयोग म्हणजे बधिरांच्या सांकेतिक भाषेचे बोलीत रूपांतर करणारा मोजा. १९८० नंतर असा मोजा निरनिराळ्या देशांत पुनःपुन्हा ‘नव्याने’ निघाला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांना २०१६ मध्ये अशाच मोज्यांच्या जोडीबद्दल १०,००० डॉलरचे पारितोषिक मिळाले व वृत्तपत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. बधिर समाजाची व भाषाशास्त्रज्ञांची प्रतिक्रिया मात्र तीव्र नापसंतीची होती. तिचे कारण समजण्यासाठी सांकेतिक भाषांची रचना पाहावी लागते.

वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, अमेरिकन सांकेतिक भाषेतील चिन्ह हे अखंड चित्र नसून पंजाची ठेवण, तो शरीराजवळ कोठे आहे ते स्थान आणि त्याची हालचाल या घटकांनी बनते. बोलीत ध्वनी बदलला की शब्द बदलतो, तसा यांतील एक घटक बदलला की अर्थ बदलतो. तळव्याची दिशा हा चौथा घटक नंतर मान्य झाला. यांपैकी हालचाल व तळव्याची दिशा मनगटावरील गतिसंवेदक मोजू शकतो. ठेवणीसाठी बोटांवर संवेदक हवेत. पंजा कपाळाशी आहे, हनुवटीशी की छातीशी, हे कळण्यास वर सांगितलेली चुकीच्या संचयाची अडचण आडवी येते. याखेरीज भुवया उंचावणे, मान हलविणे, ओठांची ठेवण व नजर यांनी प्रश्न, नकार आणि वाक्याची घडण व्यक्त होते. हे सारे चेहऱ्यावर घडत असल्याने हातमोजा त्याबाबत सर्वस्वी अंध असतो. हाताची चिन्हे तेवढी टिपून केलेले भाषांतर म्हणजे वाक्यातील विभक्तिप्रत्यय, क्रियापदांची रूपे व प्रश्नचिन्ह गाळून उरलेल्या शब्दांची यादी होय.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मोजा बधिराने घालावयाचा, ऐकणाऱ्याने नव्हे. आणि ऐकणाऱ्याचे बोलणे बधिरापर्यंत पोहोचविण्याची सोय त्यात बहुधा नसतेच. संभाषणातील सर्व गैरसोय एकाच पक्षाच्या अंगावर टाकणाऱ्या या साधनाची मागणी बधिरांनी केलेली नव्हती. त्यांची मागणी दुभाषांची, शाळांमधून सांकेतिक भाषेत शिक्षण देण्याची व दूरचित्रवाणीवर उपशीर्षकांची होती व आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा मोजा प्रकल्प म्हणून सोपा व आकर्षक वाटतो ही गोष्ट खरी. तथापि प्रकल्प हाती घेण्यापूर्वी एखाद्या बधिर शाळेत आठवडाभर बसावयास हरकत नसावी.

भारतात २०११ च्या जनगणनेप्रमाणे श्रवणदोष असलेल्यांची संख्या सु. ५०·७ लाख होती. भारतीय सांकेतिक भाषेत अक्षरे दाखविण्याची प्रचलित पद्धती दोन्ही हातांची आहे, अमेरिकन पद्धती एका हाताची. यामुळे अमेरिकन अक्षरांवर बेतलेला एकेरी मोजा येथे मुळातच अपुरा पडतो. शिवाय दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर या भागांतील चिन्हांत भेद आहेत. नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने चलत्‌चित्रांच्या रूपात केलेल्या शब्दकोशाची व्याप्ती २०१८ मधील ३,००० शब्दांवरून २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत नेली. आठ-दहा चिन्हांवर ९५ टक्के अचूकता मिळविणारा प्रयोग आणि ही शब्दसंख्या यांतील अंतर स्पष्टच आहे.

इतर उपयोग : ज्या ठिकाणी हालचाल हाच विषय असतो तेथे हे तंत्र आपल्या खऱ्या बळावर उभे राहते. कंपवातात (पार्किन्सन रोगात) विश्रांतीच्या अवस्थेतील हाताच्या कंपाची कंप्रता ४ ते ६ हर्ट्झ असते व ती मनगटावरील घूर्णीने सहज मोजता येते. रुग्ण वैद्यापुढे पाच-दहा मिनिटेच असतो. घरी दिवसभर कंप कसा कमीजास्त होतो आणि औषधाचा अंमल केव्हा उतरतो, याची नोंद संवेदक ठेवू शकतो. पक्षाघातानंतर दुबळ्या झालेल्या हाताचा वापर रुग्ण खरोखर करतो की टाळतो, हेही असेच पाहता येते. हात धुण्याची क्रिया हालचालीवरून व पाण्याच्या आवाजावरून ओळखून वेळ मोजणारी सोय अ‍ॅपलच्या घड्याळात २०२० मध्ये आली. त्याच कंपनीने २०२१ मध्ये एका हाताने काम करावे लागणाऱ्यांसाठी मूठ वळणे व बोटे टेकविणे यांनी घड्याळ चालविण्याची सोय केली. दोन वर्षांनी सर्वांसाठी आलेल्या संकेताची ही पूर्वतयारी होती.

गोपनीयता : हाताची गती जितकी बोलकी, तितकी ती चोरून ऐकण्यासारखीही आहे. बिंगमटन विद्यापीठ व स्टीव्हन्स तंत्रविद्या संस्था यांतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की, पैसे काढण्याच्या यंत्रावर गुप्त आकडे दाबणाऱ्या हाताच्या मनगटावरील संवेदकांची वाचने मिळाली, तर ते आकडे पहिल्याच प्रयत्नात सु. ८० टक्के व तीन प्रयत्नांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता येतात. येथे चुकीचा संचय फारसा बाधत नाही, कारण एका कळीपासून दुसरीपर्यंतचे अंतर लहान व वेळ थोडा असून कळ दाबताना हात क्षणभर थांबतो, म्हणजे पावलाप्रमाणे त्यालाही विसावा मिळतो. कॅमेरा व ध्वनिग्राहक वापरण्यास दूरध्वनी धारकाची अनुमती मागतो, पण गतिसंवेदकांच्या बाबतीत अशी अनुमती दीर्घकाळ मागितली जात नव्हती. गूगल कंपनीने २०२१ मधील अँड्रॉइड १२ या प्रणालीपासून विशेष परवान्याविना दर सेकंदास २०० पेक्षा अधिक वाचने घेण्यास उपयोजनांना मनाई केली. या मर्यादेने कंपनांवरून आवाज ऐकण्याचे प्रकार अवघड झाले. हाताच्या सामान्य हालचाली मात्र त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली असतात, त्यामुळे त्या या निर्बंधाने झाकल्या जात नाहीत.